चित्र चांगलं आलंय

"तुमच्या त्या मशीनमध्ये गाठ दिसते का गं?"

ताईंनी हे विचारलं तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या आणि मी भाजत होते. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. मी म्हटलं, "कसली गाठ?" त्यांनी लाटलेली पोळी माझ्या हातावर दिली. म्हणाल्या, "आधी ही टाक. तवा तापलाय."

पोळ्या झाल्यावर त्यांनी गॅस बंद केला, माझा हात धरला आणि ब्लाउजवरून डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली ठेवला. लिंबाएवढी गाठ होती. कोयीसारखी टणक, बोटाने सरकत नव्हती. मी विचारलं, कधीपासून आहे? "गणपतीपासून," त्या म्हणाल्या. तेव्हा होळी आठवड्यावर आली होती.

दोन हजार पाच-सहाची ही गोष्ट. भाईंदर पूर्वेला जेसल पार्कमध्ये चौथ्या मजल्यावर आमचं घर होतं, एक बेडरूम, हॉल आणि किचन. नवरा विमा कंपनीत, मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात टेक्निशियन, मुलगी चार वर्षांची, आणि ताई. सासूबाई लवकर गेल्या तेव्हा ताई अठरा वर्षांच्या होत्या आणि माझा नवरा सातवीत. गावची जमीन काकांवर सोपवून त्या भावाला घेऊन रत्नागिरीहून मुंबईला मामाकडे आल्या, नोकरीला लागल्या, आणि लग्नाचं राहूनच गेलं. भाईंदरला आल्यापासून त्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात काम करत होत्या. पॉलिश होऊन आलेलं भांडं पॅक होण्याआधी तपासायचं, हे त्यांचं काम. भांड्याच्या आतून बोटं फिरवली की कुठे पोचा आहे, कुठे काठ कच्चा राहिलाय, ते त्यांना कळायचं. डोळ्यांपेक्षा बोटं खरी, असं त्या म्हणायच्या. आणि त्याच बोटांना सहा महिने रोज आंघोळीच्या वेळी ती गाठ लागत होती.

"सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"सांगितलं की सुरू होतं सगळं," त्या म्हणाल्या.

आणि खरंच सुरू झालं. सोनोग्राफी, सुईने काढलेला तुकडा, त्याचा रिपोर्ट. काखेतही गाठी गेल्या होत्या. हॉस्पिटलमधल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं की एवढी मोठी गाठ लगेच कापता येणार नाही. आधी केमो द्यायची, गाठ लहान करायची, मग ऑपरेशन.

माझा विभाग तळमजल्यावर होता. आम्ही पेशंटला थोडंसं किरणोत्सर्गी औषध टोचतो, आणि ते शरीरात कुठे जाऊन बसतं त्याचं चित्र कॅमेरा काढतो. तेव्हा नवीन मशीन आलं होतं, साखरेसारखं औषध देऊन चित्र काढणारं. कॅन्सरची गाठ आजूबाजूच्या शरीरापेक्षा पुष्कळ जास्त साखर ओढते, म्हणून ती पडद्यावर उठून दिसते. आमच्या विभागाच्या प्रमुख मॅडम त्या वर्षी केमो चालू असलेल्या काही बायकांचा अभ्यास करत होत्या. गाठीकडे रक्त किती पोचतं आणि गाठ साखर किती खाते, या दोन गोष्टी केमोच्या आधी मोजायच्या आणि दोन केमो झाल्यावर पुन्हा मोजायच्या. मॅडमनी ताईंबद्दल विचारलं. मी म्हटलं, विचारून बघते.

घरी ताईंना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी जेवते त्यातलंच ती जेवते."

"हो. तसंच काहीसं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चहात साखर घालणं बंद केलं. मी सांगून पाहिलं की असं करून गाठ उपाशी राहत नाही, भात खाल्ला तरी त्याची साखरच होते, शरीर कुठून तरी काढून देतंच. त्या फिका चहा पीत राहिल्या. "माझ्याकडून जेवढं होईल तेवढं," म्हणाल्या.

स्कॅनला त्यांची एकच अट होती. छातीवरचे कपडे काढून कुठल्या परक्या माणसासमोर झोपायचं नाही. "तू करणार असशील तर येते." नात्यातल्या माणसाचा स्कॅन आपण करू नये असा काही लेखी नियम नव्हता, पण करत कुणी नसे. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि परवानगी दिली. आज वाटतं, तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं.

या अभ्यासातला स्कॅन साध्या स्कॅनपेक्षा अवघड होता. इंजेक्शन मशीनमध्ये झोपवूनच द्यायचं, म्हणजे पहिल्या दोन मिनिटांत औषध रक्ताबरोबर गाठीत कसं शिरतं ते टिपता येतं. त्यानंतर तासभर तसंच पडून राहायचं, म्हणजे आलेल्या साखरेतली किती गाठ स्वतःजवळ ठेवून घेते ते कळतं. दोन्ही हात डोक्यावर, छातीवर पट्टा, मशीनचं छत नाकापासून वीतभर. हलायचं नाही.

"खाज सुटली तर?" ताईंनी विचारलं.

"सोसायची."

"आणि ओरडले तर?"

"ऐकू येईल मला. पण स्कॅन पहिल्यापासून करावा लागेल."

त्या ओरडल्या नाहीत. मी काचेमागे बसले होते. पडद्यावर आधी मोठ्या रक्तवाहिन्या उजळल्या, मग हृदय, आणि पाठोपाठ डाव्या बाजूला ती गाठ. इतकी वर्षं मी अशी चित्रं पाहत होते. पेशंटचं नाव, वय, वजन भरायचं, चित्र नीट आलं की नाही बघायचं आणि पुढे पाठवायचं. त्या दिवशी पहिल्यांदा काचेच्या पलीकडे दिसणारे पाय माझ्या ओळखीचे होते. टाचांच्या भेगांना मीच आदल्या संध्याकाळी मेण लावून दिलं होतं.

इंजेक्शननंतर काही तास अंगातून किरण बाहेर पडत राहतात. मोठ्या माणसांना त्याचं फारसं काही नाही, पण लहान मुलाला मांडीवर घ्यायचं नाही असं आम्ही सांगतो. भाईंदरला पोचलो तेव्हा तीन वाजले होते आणि घरी मुलगी आत्याची वाट बघत असणार. घरात गेलं की ती धावत येऊन गळ्यात पडणार, तिला कसं थांबवायचं? म्हणून आम्ही पश्चिमेला उतरलो आणि उत्तनकडे जाणारी बस पकडून वाटेवरच्या डोंगरी गावात गेलो. तिथे आमचं कुणीही नव्हतं. स्टॉपजवळ एका झाडाखाली बसलो. शेजारी एक म्हातारी सुकट निवडत होती. तिने विचारलं, कुणाकडे आलात? ताई म्हणाल्या, कुणाकडे नाही. "कोन न्हाय? मग बसा की," ती म्हणाली, "वारा हाय इथं."

ताई तिच्यापासून जरा सरकून बसल्या. तिला काही होऊ नये म्हणून. मी सांगितलं की एवढ्याने काही होत नाही, तरी त्या सरकल्याच. सूर्य कलल्यावर आम्ही घरी गेलो.

मग केमो सुरू झाली. लाल रंगाचं औषध, तीन आठवड्यांनी एकदा. दुसऱ्या आठवड्यात केस गेले. पहिल्या केमोनंतर दहाव्या दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या की डॉक्टरांनी सांगितलं, घराबाहेर पाऊल नाही, बाहेरचं माणूस आत नाही, सर्दी असलेलं कुणी जवळ नाही. आमच्या मुलीला बालवाडीतून दर पंधरा दिवसांनी सर्दी व्हायची. म्हणून बेडरूम ताईंची झाली आणि आम्ही तिघं हॉलमध्ये आलो. मुलगी बेडरूमच्या उंबऱ्यावर बसून आत्याशी बोलायची. आत यायला मनाई होती. सुरुवातीला तिला तो खेळ वाटला, मग ती रडायला लागली, मग तिने विचारणं सोडलं.

गाळ्यातल्या मैत्रिणी एकदा खाली येऊन गेल्या. त्यांना वर येऊ दिलं नाही. ताई खिडकीच्या ग्रिलमधून हात हलवत राहिल्या. चौथ्या मजल्यावरून बोललेलं खाली ऐकू जात नव्हतं. त्या वर्षी भारनियमन होतं, दुपारी तीन-चार तास वीज जायची. पंखा बंद, लिफ्ट बंद, डासांमुळे खिडकीला जाळी, त्यामुळे वाराही अडलेला. मी कामावरून आले की ताई पलंगाच्या कडेला ओला पंचा मानेवर टाकून बसलेल्या दिसायच्या. तक्रार करायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "गाळ्यात भट्टीजवळ उभी राहायचे तेव्हा एवढं उकडत नव्हतं. तिथून बाहेर पडता यायचं."

पण गाठ लहान होत होती. रोज सकाळी त्या स्वतः तपासायच्या आणि मला सांगायच्या. "काल काठ लागत होता, आज नाही लागत." दुसऱ्या केमोनंतर त्यांनी पुन्हा माझा हात नेऊन तिथे ठेवला. खरंच मऊ लागत होती, आणि लिंबाएवढीची सुपारीएवढी झाली होती. डॉक्टरांनीही हाताने तपासून मान हलवली. नवऱ्याने किती दिवसांनी बेडरूमच्या दारात उभं राहून बहिणीची चेष्टा केली. म्हणाला, "ताई, टक्कल तुला शोभतंय, आता असंच ठेव."

त्याच आठवड्यात दुसरा स्कॅन होता. शुक्रवारी.

केमोचं औषध गाठीपर्यंत रक्तातूनच जातं. ते लागू पडलं की बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी उतरतात, गाठीकडे येणारं रक्तही आणि तिची साखर खाण्याची भूकही. पण कधी कधी रक्त उतरतं आणि भूक तशीच राहते. म्हणजे गाठ कमी रक्तावर, कमी प्राणवायूवर तगायला शिकलेली असते, साखर वाटेल तशी जाळून दिवस काढत असते. आणि औषध मात्र तिथवर आधीपेक्षाही कमी पोचतं. अशा गाठी हट्टी निघतात असं मॅडमचं मत होत चाललं होतं. छातीठोक सांगण्याइतके पेशंट अजून झाले नव्हते.

मी काचेमागे बसून पहिली दोन मिनिटं बघितली. गाठीकडचं रक्त निम्म्याहून कमी झालेलं दिसत होतं. बरं वाटलं. मग तासाभराची चित्रं एकामागून एक येत गेली आणि गाठ उजळत गेली. लहान झाली होती हे खरं. पण जेवढी उरली होती तेवढी पहिल्यासारखीच पेटलेली होती. काखेतलीसुद्धा. मी पडद्याचा उजेड कमी-जास्त करून पाहिला. औषध जास्त टोचलं गेलं का, वजन चुकलं का, रक्तातली साखर किती होती, सगळं तपासलं. काही चुकलं नव्हतं.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. वाकून त्यांनी आकडे पुन्हा वाचले. मग म्हणाल्या, "मंगळवारी सगळ्या डॉक्टरांची मीटिंग आहे, तिथे मांडते. तोपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. घरी तर मुळीच नाही."

"घरीच तर आहेत त्या, मॅडम."

"म्हणूनच सांगतेय. हा एक आकडा आहे. त्याचा अर्थ काय लावायचा ते आपलं आपल्यालाच अजून पुरतं कळलेलं नाही. औषध बदलायचं की चालू ठेवायचं ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. तू आज काही बोललीस आणि मंगळवारी वेगळंच ठरलं तर त्यांनी कुणावर विश्वास ठेवायचा?"

त्यांचं बरोबर होतं. अजूनही मला त्यात चूक काढता येत नाही.

मी आत गेले, पट्टा सोडला, हात खाली घ्यायला मदत केली. तासभर वर राहून हात आखडले होते. ताईंनी उठून बसत माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कसं आहे?"

मी म्हटलं, "चित्र चांगलं आलंय. अजिबात हलला नाहीत तुम्ही."

त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडून कपाळाला लावले. त्या क्षणी मला कळलं त्यांनी काय ऐकलं ते. चांगलं आलंय, एवढंच. तोंड उघडून दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य म्हणजे सगळं सांगणंच झालं असतं. मी त्यांचा गाऊन सारखा केला आणि चपला पुढे सरकवल्या.

शुक्रवार संध्याकाळ ते मंगळवार दुपार. आयुष्यात एवढे लांब दिवस मी काढले नाहीत.

घरी पोचल्यावर ताईंनी दारातूनच भावाला सांगितलं, "चांगलं आलंय रे." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मुलीच्या बालवाडीची पिशवी उपसायला घेतली. त्याने मिठाई आणली. मी एक पेढा तोंडात टाकला आणि पाण्याबरोबर गिळला.

शनिवारी मला सुट्टी होती. ताईंना बरं वाटत होतं, केमोला अजून पाच दिवस होते. म्हणाल्या, आज घावणे मी करते. गॅसजवळ उभं राहू नका म्हटलं तर म्हणाल्या, "आता काय होतंय?" त्यांनी मला पाटावर बसवलं आणि तव्यावरचे गरम घावणे ताटात वाढत राहिल्या. नारळाचा रस केला होता, गूळ घालून. स्वतःसाठीही थोडा घेतला. महिन्या-दोन महिन्यांनी त्या गोड खात होत्या. "आता चालेल ना?" विचारलं त्यांनी. मी म्हटलं, चालेल. ते तरी खरं होतं, आधीही चाललंच असतं.

बाहेर जावं तर कारण काय सांगायचं? घरात जिथे जाईन तिथे त्या होत्या. किचनमध्ये गेले की मागून येऊन स्टुलावर बसायच्या, हॉलमध्ये गेले की बेडरूमच्या दारातून बोलायच्या. एवढे आठवडे आत कोंडून काढल्यावर त्यांना आता बोलायचं होतं. मी दोनदा उगाचच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. पाणी एक दिवसाआड यायचं आणि मी ते वाया घालवत होते.

रविवारी दुपारी वीज गेलेली असताना त्यांनी गाळ्याच्या सेठला फोन केला. मी किचनच्या ओट्यापाशी भाजी निवडत होते, सगळं ऐकू येत होतं. "सेठ, मैं आ रही हूँ. ऑपरेशन हुआ के दो महिना पकडो. मेरी जगह किसीको पक्का मत करना." पलीकडून काहीतरी बोलणं झालं, त्यावर त्या हसल्या. "नहीं नहीं, अच्छा आया है. घर का ही आदमी निकालता है ना फोटो."

त्या संध्याकाळी नवऱ्याने मला गॅलरीत गाठलं. हळू आवाजात म्हणाला, "तुझं काहीतरी बिनसलंय."

"काही नाही."

"स्कॅन खरंच चांगला आहे ना?"

मी म्हटलं, "मला विचारू नकोस." तो रेलिंगला धरून उभा राहिला. मग आत जाऊन बहिणीसमोर बसला आणि नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात बोलायला लागला. आता घरात आम्ही दोघं झालो, न सांगता जाणणारे.

मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी बोलावलं. मी ताईंबरोबर आत गेले. डॉक्टर शांतपणे बोलत होते. हाताला गाठ लहान लागतेय, पण स्कॅनवरून दिसतंय की उरलेली गाठ औषधाला हवा तसा प्रतिसाद देत नाही. एरवी हेच औषध आणखी दोनदा दिलं असतं. आता ते थांबवून दुसरं सुरू करू. ते लागू पडलं तर ऑपरेशन ठरल्याप्रमाणे होईल.

"कुठला स्कॅन?" ताईंनी विचारलं.

"शुक्रवारचा."

त्यांनी मान फिरवून माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पुन्हा डॉक्टरांकडे वळून नवीन औषधाने काय काय होईल ते विचारलं. सगळे प्रश्न नीट विचारले.

त्यांनी घरी आल्यावर हातपाय धुतले, देवाजवळ दिवा लावला. मी चहा ठेवला. त्या किचनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुला शुक्रवारी माहीत होतं."

"हो."

"मी विचारलं तेव्हा?"

"हो, ताई. आम्हांला सांगता येत नाही. मॅडमनी..."

"तू म्हणालीस, चांगलं आलंय."

"चित्र म्हणाले मी. चित्र चांगलं आलंय म्हणाले."

बोलताना माझं मलाच ते ऐकवलं नाही.

"हं. चित्र," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "वीस वर्षं भांडी तपासतेय मी. पोचा असेल तर बाजूला काढायचं, नसेल तर पुढे जाऊ द्यायचं. पोचा आहे हे माहीत असून कागदात गुंडाळलं, असं एकदाही केलं नाही. तू म्हणाली असतीस की मला सांगता येत नाही, तर मी समजले असते. मी काय अडाणी आहे?"

"समजला असतात म्हणूनच तसं म्हणाले नाही. 'सांगता येत नाही' म्हटलं असतं तर तुम्हांला कळलंच असतं."

"मग कळलं असतं. माझंच होतं ना ते?"

चहा उतू गेला. त्यांनीच पुढे होऊन गॅस बंद केला आणि बेडरूममध्ये गेल्या. दार लावून घेतलं. तोवर आमच्या घरात ते दार कधी लागलं नव्हतं.

नंतर त्या माझ्याशी वाईट वागल्या असं नाही. बोलायच्या, जेवायच्या, मुलीचा फ्रॉक मागून शिवायला घ्यायच्या. पण सकाळी तपासून मला सांगणं थांबलं. नव्या औषधाने हाडं दुखायची, रात्रंदिवस पाय चोळत बसावं लागायचं. मी चोळून देऊ का विचारलं तर म्हणायच्या, राहू दे, तुला कामावर जायचंय. त्याच दोन खोल्या, तेच बंद खिडकीतलं उकडणं, आणि आता त्यात हे. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं.

पुढच्या स्कॅनच्या वेळी त्यांनी मॅडमना निरोप पाठवला की दुसरी कुणी टेक्निशियन असेल तर बरं. माझ्या सहकारिणीने तो स्कॅन केला. जी बाई परक्या माणसासमोर कपडे काढायला तयार नव्हती, ती तिच्यासमोर निमूटपणे झोपली. मी त्या वेळी शेजारच्या खोलीत दुसऱ्या पेशंटची हाडांची चित्रं काढत होते. या खेपेला रक्तही उतरलं होतं आणि भूकही. हे मला दोन दिवसांनी, बाकी घराबरोबर, डॉक्टरांच्या तोंडून कळलं.

ऑपरेशन झालं. काखेतल्या काही गाठींत अजून थोडं उरलेलं होतं, म्हणून किरणांचे शेक दिले. मग तपासण्या, आधी तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. मुलगी उंबरा ओलांडून आत जाऊ लागली आणि काही दिवसांनी आत्याजवळच झोपू लागली. सेठने जागा ठेवली होती. पण दुसऱ्या औषधाने बोटांची टोकं बधिर झाली होती. डॉक्टर म्हणाले होते की हळूहळू जाईल. थोडं गेलं, पुरतं गेलं नाही. ताई भांड्याच्या आतून बोटं फिरवायच्या आणि काही कळायचं नाही. त्या दिव्याखाली भांडं धरून तिरकं करून बघायला शिकल्या. एका दिवसात पूर्वीच्या निम्मी भांडी व्हायची. सेठ काही बोलला नाही, त्याचंच त्यांना जास्त लागलं.

मी मात्र त्यानंतर कुठल्याच पेशंटला 'चांगलं आलंय' म्हणाले नाही. "झालं, आता उठा," एवढंच म्हणते. पेशंट तोंडाकडे बघतात. मी पट्टा सोडत असते.

तीनेक वर्षांनी ताईंची कंबर धरली. आठवडा झाला तरी उतरेना. छातीच्या कॅन्सरनंतर असं दुखणं आलं की हाडांत गेलंय का ते बघावंच लागतं. डॉक्टरांनी हाडांचा स्कॅन लिहून दिला. रात्री जेवताना ताई भावाला म्हणाल्या, "उद्या मी हिच्याबरोबरच जाते." माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मी त्यांच्या वाटीत आमटी वाढली.

स्कॅन मीच केला. चित्र वरून खाली उतरत गेलं, कवटी, खांदे, बरगड्या, मणके, माकडहाड. दोनदा बघितलं. कमरेतल्या एका मणक्याची झीज होती, या वयात कुणाचीही असते तशी. दुसरं कुठेही काही नव्हतं. तो शुक्रवार होता आणि मॅडम रजेवर होत्या. रिपोर्ट सोमवारी होणार होता.

मी आत गेले. ताई टेबलावर उठून बसल्या होत्या, पदर सावरत. त्यांनी काही विचारलं नाही. मीच म्हणाले, "ताई, काही नाहीये. हाडं स्वच्छ आहेत. मणक्याची थोडी झीज आहे, त्याने दुखतंय."

नियम मोडला होता. मला वाटलं होतं की आता काहीतरी सुटेल.

ताईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. खूप वेळ बघत राहिल्या, भुवयांपासून हनुवटीपर्यंत. मग हळूच मान हलवली आणि खाली उतरल्या.

"बघू," म्हणाल्या, "सोमवारी कागद आला की."

मी म्हटलं, "खरं सांगतेय मी."

"सांगत असशील गं." चपला घालताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. "पण मला कसं कळणार?"

शनिवार, रविवार त्या काही खाईनात. नवरा म्हणाला, "अगं, तिने सांगितलंय ना तुला?" त्या हो म्हणाल्या आणि ताट बाजूला सारलं. सोमवारी संध्याकाळी मी रिपोर्ट आणला. ताईंनी चष्मा लावला, खिडकीपाशी उजेडात बसल्या आणि इंग्रजी अक्षरं एकेक लावत, ओळीखाली बोट धरून, पूर्ण कागद वाचला. मला एका शब्दाचा अर्थ विचारला नाही. शेजारच्या बिल्डिंगमधल्या फॅमिली डॉक्टरांकडे तो घेऊन गेल्या, आणि अर्ध्या तासाने परत आल्या तेव्हा येताना कोथिंबीर घेऊन आल्या होत्या.

"भात टाकू का?" मला विचारलं, "तुलाही भूक लागली असेल."